प्रयोगशाळेतली 'छोटी फुप्फुसं' : नेमकं काय बनवतात आणि कशासाठी?

भिंगवाली

'शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत फुप्फुस वाढवलं' अशा मथळ्याची बातमी अधूनमधून फिरत येते आणि ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, "म्हणजे आता प्रत्यारोपणाची वाट बघायला नको ना?" मी फुप्फुसाच्या पेशी वाढवणाऱ्या लॅबमध्ये काम करते. दर वेळी तेच उत्तर नव्याने टाइप करण्यापेक्षा एकदाच धागा काढतेय.

बातमीत ज्याला फुप्फुस म्हटलेलं असतं तो बहुतेक वेळा एक-दोन मिलिमीटरचा, कित्येकदा त्याहूनही लहान, पेशींचा गोळा असतो (त्याला ऑर्गनॉइड म्हणतात). त्यात हवा जात-येत नाही, रक्त वाहत नाही. कोणाच्या छातीत बसवायला तो बनवलेलाच नसतो. एखादा ठरावीक प्रश्न माणसाच्या पेशींना विचारता यावा म्हणून तो बनवतात. आणि एका प्रश्नाला चालणारं मॉडेल दुसऱ्या प्रश्नाला कुचकामी ठरतं. बातम्यांमधून नेमकी हीच गोष्ट गळते.

खऱ्या फुप्फुसात श्वासनळीला फाटे फुटत फुटत साधारण २३ टप्पे होतात. शेवटी येतात वायुकोश, मोठ्या माणसात ४८ कोटींच्या आसपास. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा एक मायक्रोमीटरहूनही पातळ. त्यात पेशींचे चाळीसहून जास्त प्रकार. हे सगळं एकदम कोणीच बनवत नाही. ज्याला जेवढं हवं तेवढा तुकडा तो उचलतो.

पेशी आणायचे रस्ते दोन. पहिला म्हणजे शस्त्रक्रियेत काढलेल्या फुप्फुसाचा तुकडा किंवा ब्रॉन्कोस्कोपीच्या (श्वासनळीत दुर्बीण घालून तपासणीच्या) वेळी ब्रशने खरवडून घेतलेल्या पेशी. त्यातल्या बेसल पेशी श्वासनलिकेचं अस्तर पुन्हा उभं करतात, आणि वायुकोशांच्या अस्तरातल्या टाइप टू पेशी वायुकोशांसारखे पोकळ गोळे करतात. दुसरा रस्ता स्टेम सेलचा, म्हणजे कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशींचा. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशींना मागे नेऊन स्टेम सेल बनवून दाखवले (२०१२ चं नोबेल). या पेशींना मग गर्भातला सगळा प्रवास बशीत पुन्हा करायला लावायचा. आधी अ‍ॅक्टिव्हिन ए देऊन एंडोडर्म (गर्भातला सगळ्यात आतला थर), मग टीजीएफ-बीटा आणि बीएमपी हे दोन संदेश रोखून गर्भातल्या अन्नमार्गाच्या पुढच्या भागाकडे, मग डब्ल्यूएनटी, बीएमपी-४ आणि रेटिनॉइक अ‍ॅसिड देऊन फुप्फुसाकडे. इथवर पेशी आल्या की नाही हे एनकेएक्स२-१ या जनुकावरून कळतं. मेख अशी की हेच जनुक थायरॉइडमध्ये आणि मेंदूच्या एका भागातही चालू असतं. त्यामुळे 'चालू झालं' म्हणून हुरळून जायचं नाही, बाकीच्या खुणा तपासून पेशी वेगळ्या काढायच्या. यापुढे एफजीएफ गटातले घटक देऊन त्या वाढवायच्या. टाइप टू पेशी हाती यायला महिनाभर तरी जातो.

चिप, स्कॅफोल्ड, छपाई यांच्याबद्दल प्रतिसादांत लिहीन. विचारा बिनधास्त.

केतकीचं बन

छान धागा, वाचतेय. बाळबोध प्रश्न आहे, पण विचारतेच. पेशी बशीत टाकल्या तर त्या तळाशी पसरतील ना? गोळा होतो कसा?

भिंगवाली

@केतकीचं बन, अजिबात बाळबोध नाही. सपाट प्लास्टिकवर टाकल्या तर पसरतातच, आणि टाइप टू पेशी काही दिवसांत आपलं कामच विसरतात. म्हणून त्यांना मऊ जेलमध्ये ठेवतात. सगळ्यात जास्त वापरलं जातं ते मॅट्रिजेल. ४ अंशांना पातळ आणि ३७ अंशांना घट्ट. त्यामुळे बाटली बर्फात, नळ्या बर्फात, पिपेटच्या टिपासुद्धा आधीपासून फ्रीजरमध्ये. टीप गरम राहिली तर जेल आतच थिजतं आणि पेशींसकट वाया जातं. पेशी मिसळलेल्या जेलचा छोटासा थेंब प्लेटमध्ये सोडायचा, तो घुमटासारखा उभा राहिला पाहिजे, आणि लगेच प्लेट उलटी करून इनक्युबेटरमध्ये ठेवायची. उलटी अशासाठी की जेल घट्ट होईपर्यंत पेशी तळाशी जाऊन चिकटू नयेत. नंतर वरून पोषक द्रव.

काही दिवसांनी मायक्रोस्कोपखाली गोल, पोकळ फुगे दिसतात. श्वासनलिकेच्या पेशींचे असतील तर आतल्या बाजूला केस, म्हणजे सीलिया, उगवतात. ते हलायला लागले की पोकळीतला श्लेष्मा आणि मेलेल्या पेशींचा कचरा गरगर फिरताना दिसतो. बघत बसलं की वेळ कसा जातो कळत नाही.

उंटावरचा शहाणा

मॅट्रिजेल उंदराच्या गाठीतून काढतात ना? मग 'प्राण्यांविना संशोधन' म्हणून जी जाहिरात चालते तिचं काय?

भिंगवाली

बरोबर. उंदराच्या एका विशिष्ट सार्कोमापासून ते बनतं. त्यात नेमकं काय किती आहे हे प्रत्येक बॅचला बदलतं, आणि ती डोकेदुखी आमच्या पाचवीला पुजलेली. जुनी बॅच संपत आली की नवीवर तोच प्रयोग करून बघितल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. कृत्रिम हायड्रोजेल आहेत, सुधारतायत, पण फुप्फुसाच्या पेशी अजून त्यांच्यावर नखरे करतात.

तिरकस

थोडक्यात काय, गाडी बनवलेली नाही, गाडीचा एक प्लग काढून टेस्ट बेंचवर लावलाय. मग 'मिनी गाडी' असं नाव कशाला द्यायचं? निधी मिळावा म्हणूनच ना?

भिंगवाली

😀 निधीचं सोडा, पण प्लगची उपमा चालेल. प्लग बिघडलाय का हे कळायला बेंच उत्तमच असतो.

उदाहरण देते. बाळ पूर्ण दिवसांचं जन्मतं, तरीही श्वास घेता येत नाही, कारण सरफॅक्टंट प्रोटीन बी बनवणाऱ्या जनुकात दोष असतो. सरफॅक्टंट म्हणजे वायुकोशांच्या आतला साबणासारखा थर. तो नसेल तर वायुकोश श्वास सोडताना मिटून चिकटतात. बोस्टन विद्यापीठातल्या डॅरेल कॉटन यांच्या गटाने २०१७ मध्ये अशा रुग्णांच्या पेशींपासून स्टेम सेल आणि त्यांपासून टाइप टू पेशी बनवल्या. सरफॅक्टंट जिथे साठतं त्या लॅमेलर बॉडी त्यांच्यात नीट बनत नव्हत्या. जनुकातला दोष दुरुस्त केल्यावर त्या बनल्या. इथे श्वास नको, रक्त नको, रोगप्रतिकारक पेशी नकोत. प्रश्न एका पेशीच्या आतला होता, त्याला हे मॉडेल चपखल बसलं.

बाह्यरुग्ण

मी श्वसनरोगांचा डॉक्टर आहे, म्हणून जरा रुग्णाच्या बाजूने. आमच्याकडे सगळ्यात हताश करणारा आजार म्हणजे इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस. नेमकं कारण कळत नाही, पण फुप्फुसात चट्टे पडत जातात (हाच फायब्रोसिस) आणि ते घट्ट होत जातं. पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब या दोन औषधांना अमेरिकेत ऑक्टोबर २०१४ मध्ये मान्यता मिळाली. दोन्ही आजाराचा वेग कमी करतात, थांबवत नाहीत. त्यानंतर उंदरांत झकास चाललेली किती औषधं माणसांत आपटली, बघा.

आणि उंदराचं मॉडेल कसलं? ब्लिओमायसिन देऊन फुप्फुसाला इजा करायची, फायब्रोसिस होतो, आणि काही आठवड्यांनी तरुण उंदीर बहुतांशी आपोआप बराही होतो! माझे रुग्ण असे आपोआप बरे होत नाहीत. मग ज्याला मुळात बरंच व्हायचं होतं त्याच्यावर औषध 'चाललं' याला काय अर्थ?

तेव्हा सरळ विचारतो. तुमच्या गोळ्यात फायब्रोसिस दाखवता येतो का?

भिंगवाली

@बाह्यरुग्ण, नुसत्या अस्तराच्या गोळ्यात नाही. चट्टा तयार करणारे फायब्रोब्लास्ट त्यात हवेत. लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये ब्रिजिट गॉम्पर्ट्स यांच्या गटाने अल्जिनेटच्या बारीक मण्यांवर फुप्फुसाच्या पेशी चढवल्या. मणी एकमेकांना चिकटतात आणि मधल्या रचनेला वायुकोशांच्या जाळीचं रूप येतं. त्यात टीजीएफ-बीटा घातलं की चट्ट्यासारखा बदल होतो. हे काम २०१७ च्या आसपासचं. शेकड्याने बनवता येतात आणि औषधं एका झटक्यात चाळता येतात, हा त्याचा मोठा फायदा.

पण इथेच घोडं पेंड खातं. टीजीएफ-बीटा ओतून काही दिवसांत जे होतं आणि साठीतल्या माणसाच्या फुप्फुसात वर्षानुवर्षं जे होतं, ते एकच का? शिवाय स्टेम सेलपासून आलेल्या पेशी वयाने गर्भातल्या असतात. देणारा सत्तर वर्षांचा असला तरी मागे नेताना म्हातारपणाच्या बऱ्याच खुणा पुसल्या जातात. वाढत्या वयाचा आजार कोवळ्या पेशींत शोधायचा, असा हा प्रकार. म्हणून फायब्रोसिससाठी मला रुग्णाच्याच काढलेल्या फुप्फुसाचे पातळ काप जास्त भरवशाचे वाटतात. त्यांत सगळ्या पेशी आपापल्या जागी असतात. मात्र ते फार दिवस टिकत नाहीत आणि हवे तेव्हा मिळत नाहीत.

केतकीचं बन

कोविडच्या वेळी हे सगळं वापरलं होतं का? तेव्हा रोज 'प्रयोगशाळेतल्या फुप्फुसावर औषध यशस्वी' असं वाचल्याचं आठवतंय.

भिंगवाली

भरपूर. आणि तेव्हा एक गमतीदार अडचण समोर आली. विषाणू येतो हवेच्या बाजूने. गोळ्यात हवेची बाजू असते आत! बाहेरून विषाणू घातला तर तो पेशींच्या पाठीवर आदळतो, जिथून एरवी तो कधीच येत नाही. काही जण गोळे फोडून संसर्ग करायचे, काही जण सुईने आत सोडायचे. स्टॅनफर्डमध्ये कॅल्व्हिन कुओ यांच्या गटाने गोळाच उलटा केला, म्हणजे जेल काढून टाकलं आणि पेशींची हवेकडची बाजू बाहेर आली. २०२० मध्ये त्यांनी दाखवलं की फुप्फुसाच्या टोकाकडच्या भागात टाइप टू पेशींखेरीज क्लब पेशींनाही (बारीक नलिकांच्या अस्तरातला एक प्रकार) सार्स-कोव्ह-२ लागतो.

औषधांचं म्हणाल तर संयम बरा. गोळ्यात विषाणूची वाढ रोखणं आणि दवाखान्यात ऑक्सिजनवरचा रुग्ण वाचणं यांत मोठी दरी आहे. गंभीर कोविडमध्ये नुकसानाचा मोठा भाग शरीराच्याच दाहक प्रतिक्रियेचा होता. डेक्सामेथासोनने जीव वाचले, आणि ते विषाणूला मारत नाही. नुसत्या अस्तराच्या गोळ्यात ते तपासलं असतं तर बिचारं पहिल्याच फेरीत बाद झालं असतं.

बाह्यरुग्ण

हा डेक्साचा मुद्दा आमच्या विद्यार्थ्यांना सांगणार.

स्लाइडरूल

धाग्यावर चिपचा पत्ता नाही म्हणून मी सुरुवात करतो. मायक्रोफ्लुइडिक्सवाला (बारीक वाहिन्यांतून द्रव खेळवणारा) आहे, पेशींतलं कळत नाही, पण नळ्यांतलं कळतं.

२०१० मध्ये हार्वर्डच्या वीस (Wyss) इन्स्टिट्यूटमध्ये डॅन ह्यू आणि डोनाल्ड इंगबर यांनी 'लंग-ऑन-अ-चिप' केली. पेनड्राइव्हएवढा पारदर्शक सिलिकॉन रबराचा तुकडा. मधोमध दोन वाहिन्या, वर-खाली, आणि मध्ये छिद्रांचा पडदा, जाडी १० मायक्रोमीटर. पडद्याच्या वरच्या अंगाला वायुकोशाच्या पेशी, त्यांच्यावर हवा. खालच्या अंगाला रक्तवाहिनीच्या पेशी, त्यांच्याखालून रक्ताऐवजी वाहता द्रव. खरी करामत बाजूच्या दोन पोकळ्यांत आहे. तिथे निर्वात ओढला की भिंती बाहेर खेचल्या जातात आणि पडदा पेशींसकट ताणला जातो. सोडला की परत. झाला श्वास.

हा ताण शोभेचा नाही. त्यांनी हवेच्या बाजूला सिलिकाचे नॅनोकण सोडले. पडदा ताणत ठेवला तेव्हा पेशींनी ते जास्त आत घेतले, पलीकडे रक्ताच्या बाजूलाही जास्त गेले, आणि दाहही वाढला. स्थिर बशीत हेच कण तुलनेने निरुपद्रवी दिसले असते. कारखान्याच्या धुळीवर 'सुरक्षित' असा शिक्का मारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं.

तिरकस

हे मात्र पटलं. शब्द मागे घेत नाही, पण अर्धा गिळतो.

भिंगवाली

@स्लाइडरूल, वा! त्याच गटाचा २०१२ चा प्रयोग माझा आवडता आहे. इंटरल्यूकिन-२ हे कर्करोगावरचं औषध. त्याने काही रुग्णांच्या फुप्फुसात पाणी भरतं. चिपमध्ये ते रक्ताच्या बाजूने सोडलं तर हवेच्या वाहिनीत खरोखरच द्रव झिरपू लागला. श्वास चालू असताना गळती कितीतरी पटींनी जास्त. आणि चिपमध्ये रोगप्रतिकारक पेशी नव्हत्याच! म्हणजे गळतीला त्या लागतातच असं नाही, हे एक-एक घटक काढून बघता आलं म्हणून कळलं. जिवंत प्राण्यात 'श्वास बंद करून बघू' असं म्हणता येत नाही. अपुरं असणं हीच इथे चिपची ताकद ठरली.

स्लाइडरूल

आता आमच्या बाजूची घाण पण सांगतो. जो सिलिकॉन रबर, पीडीएमएस, सगळे वापरतात तो तेलकट स्वभावाची औषधं स्वतःच शोषतो. तुम्ही म्हणता पेशींना अमुक मात्रा दिली, त्यातली बरीच भिंतीत मुरलेली असते. औषध चाललं नाही की पेशींपर्यंत पोचलंच नाही, हे वेगळं मोजल्याशिवाय ताकास तूर लागत नाही.

दुसरं म्हणजे बुडबुडे. वाहिनीची उंची मिलिमीटरचा अंश. त्यात एक बुडबुडा शिरला की तो पेशींवरून सरकताना त्यांना खरवडून नेतो. शुक्रवारी संध्याकाळी सगळं ठीक दिसतं, सोमवारी सकाळी वाहिनी ओस. द्रव आधी निर्वातात ठेवून हवा काढा, जोडणी करताना दोन्हीकडे थेंब उभा ठेवून थेंबाला थेंब भिडवा, हे शास्त्रलेखांत एका ओळीत असतं आणि शिकायला महिने जातात.

केतकीचं बन

एवढं सगळं करण्यापेक्षा प्राण्यांवरच प्रयोग सोपे नाहीत का? (क्रूर वाटेल, पण खरंच विचारतेय.)

भिंगवाली

सोपे आहेत, पण उंदराचं फुप्फुस म्हणजे माणसाचं छोटं फुप्फुस नव्हे. उंदरात बेसल पेशी मुख्यतः श्वासनळीत आणि मोठ्या शाखांच्या सुरुवातीपर्यंत असतात. माणसात त्या खूप आतल्या, बारीक नलिकांपर्यंत पोचतात. माणसात बारीक नलिका आणि वायुकोश यांच्यामध्ये रेस्पिरेटरी ब्रॉन्किओल नावाचा भाग असतो, तो उंदरात जवळपास नाहीच. आणि सीओपीडी या श्वास कोंडत नेणाऱ्या दीर्घ आजाराची पडझड सुरू होते ती नेमकी या बारीक नलिकांच्या भागात. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराचं जनुक बिघडवलेल्या उंदराला माणसासारखा फुप्फुसाचा आजार होत नाही, त्यासाठी फेरेट आणि डुकराकडे जावं लागलं.

उंटावरचा शहाणा

कायद्याचं सांगायचं राहिलं. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये एफडीए मॉडर्नायझेशन अ‍ॅक्ट २.० झाला. प्राण्यांवरच्या चाचण्यांवर बंदी आली असं अनेकांनी लिहिलं, ते चूक. सक्ती गेली एवढंच. म्हणजे कंपनी पेशींचे किंवा चिपचे पुरावे देऊ शकते. २०२५ च्या एप्रिलमध्ये एफडीएने (तिथल्या औषध नियामकाने) मोनोक्लोनल अँटिबॉडी या प्रकारच्या औषधांपासून सुरुवात करून प्राण्यांवरच्या चाचण्या टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा आराखडाही मांडला. पण नियामकाला चिपचे आकडे पटवायचे तर दोन लॅबमध्ये एकच उत्तर आलं पाहिजे. वर बॅच, बुडबुडे आणि रबराची कहाणी वाचून मला तरी धास्ती वाटतेय.

भिंगवाली

धास्ती रास्त आहे.

बाह्यरुग्ण

सिस्टिक फायब्रोसिसचा विषय निघालाच आहे तर भर घालतो. रुग्णागणिक औषध निवडायला ऑर्गनॉइडचा वापर तिथे सगळ्यात पुढे गेलाय, आणि गंमत म्हणजे ते ऑर्गनॉइड फुप्फुसाचे नाहीत, गुदाशयाचे आहेत! नेदरलँड्समध्ये उट्रेख्तच्या गटाने २०१३ मध्ये ही पद्धत दाखवली. गुदाशयातून चिमूटभर ऊती घ्यायची, गोळे वाढवायचे आणि फॉर्स्कोलिन हे रसायन द्यायचं. सीएफटीआर वाहिनी (पेशीच्या आवरणातली क्षारांची वाट, या आजारात हीच बिघडते) चालत असेल तर पाणी आत जाऊन गोळा फुगतो, बिघडलेली असेल तर तसाच राहतो. मग औषध घालून बघायचं की फुगतो का. दुर्मिळ जनुकदोष असलेल्या रुग्णांवर मोठ्या चाचण्या होणं शक्यच नसतं, त्यांना याचा खरा उपयोग. तीच वाहिनी आतड्यात आहे आणि तिथली ऊती काढायला सोपी, मग छातीत कशाला शिरायचं?

भिंगवाली

+१. प्रश्न वाहिनीचा होता, अवयव कुठला हा मुद्दाच नव्हता.

तिरकस

सगळं मान्य. पण ज्या प्रश्नाने धागा सुरू झाला त्याला बगल दिलीत, ताई. छातीत बसवायचं फुप्फुस कधी?

भिंगवाली

बगल नाही हो, ती वेगळी शाखा आहे. २०१० मध्ये येलच्या लॉरा निकलसन यांच्या गटाने उंदराच्या फुप्फुसातल्या सगळ्या पेशी धुऊन काढल्या, उरलेल्या प्रथिनांच्या सांगाड्यावर नव्या पेशी चढवल्या आणि ते दुसऱ्या उंदरात बसवलं. वायूंची देवाणघेवाण झाली. किती वेळ? ४५ ते १२० मिनिटं. पुढे रक्ताच्या गुठळ्या, गळती. पेशी चढवता येतात, पण रक्तवाहिन्यांचं अस्तर कुठेही फट न ठेवता भरणं जमत नाही. दुसरीकडे २०१९ मध्ये राइस विद्यापीठातल्या जॉर्डन मिलर यांच्या गटाने हायड्रोजेलमध्ये प्रकाशाने छापून वायुकोशासारखी पोकळी केली. भोवती रक्तवाहिन्यांचं जाळं, पोकळी फुगते-आकसते आणि तांबड्या पेशींना ऑक्सिजन मिळतो. छपाईचा प्रकाश ठरल्या थरापलीकडे झिरपू नये म्हणून त्यांनी टार्ट्राझिन हा खाण्याचा पिवळा रंग वापरला, ही युक्ती मला फार आवडली. पण तो एक पोकळीचा नमुना. वर ४८ कोटी लिहिलंय.

स्लाइडरूल

शेवटचा प्रश्न माझा. चिपमध्ये वायुकोशाच्या पेशी एका दात्याच्या, रक्तवाहिनीच्या दुसऱ्याच्या, मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) तिसऱ्याचे असं सर्रास चालतं. चालतं का खरंच?

भिंगवाली

नॅनोकणांसारख्या प्रश्नाला बहुधा चालून जातं. रोगप्रतिकारशक्तीच्या प्रश्नाला नाही, विशेषतः टी पेशी घातल्या की. त्या परक्या पेशींवर तुटून पडतात आणि आपण संसर्ग मोजतोय की नकार, हे कळेनासं होतं. एकाच माणसाच्या स्टेम सेलपासून सगळे प्रकार बनवणं हा त्यावरचा उपाय, पण मग सगळ्याच पेशी कोवळ्या. क्षयावरचं स्वित्झर्लंडमधल्या ईपीएफएलचं २०२० चं काम याच दृष्टीने बघा. त्यांनी चिपमध्ये उंदराच्या पेशी घेतल्या. सरफॅक्टंट नीट बनवणाऱ्या आणि न बनवणाऱ्या टाइप टू पेशी शेजारी ठेवून तुलना केली, तर सरफॅक्टंट कमी तिथे मॅक्रोफेजमधले जंतू बेसुमार वाढले. माणसाच्या पेशींवर हेच करायचं तर मॅक्रोफेज कोणाचे घ्यायचे हाच पहिला वाद असतो. आमच्याकडे सध्या तोच चालू आहे. रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींपासून बनवलेले वायुकोशातल्या मॅक्रोफेजसारखे वागत नाहीत, आणि फुप्फुस धुऊन काढलेले पुरेसे मिळत नाहीत.